भिंगरीच्या तळाशी

फोटो दिसत नाहीत? यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करा.

मदतीच्या पानावरचं हे वाचून दिव्यानीनं तसं केलं. काळ्या पडद्यावर तिचा स्वतःचा चेहरा आला आणि गेला, मग हळूहळू तिथं सावली तालुका उगवायला लागला.

कोणाचा तरी बैल, शिंगांना रंग लावलेला. कोणाच्या तरी घराचं वीजमीटर. शाईचं बोट. मांडवाखाली जेवणारी पंगत, सगळ्यांचे डोळे मिटलेले. तुटलेल्या नांगराचा फाळ, कुठे जोड द्यायचा ते दाखवायला खडूनं खूण केलेली. झोपलेलं मूल. त्याच मुलाची टाच.

यातलं कोणीच दिव्यानीचं नव्हतं. तरी ती रोज दुपारी यांच्यात जाऊन बसायची.

चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, दुपार निळी असायची. तिचा नवरा आदेश रात्रपाळी करून येई, सकाळी झोपे, आणि त्याला उजेड लागू नये म्हणून खिडक्यांना निळ्या चादरी टांगलेल्या. त्या चादरींतून गाळून आलेल्या उजेडात भिंती, कपाट, भांडी अशी दिसत, जणू घर तलावाच्या तळाशी आहे आणि वर कुठेतरी कोणी धुणं धूत आहे. त्या पाण्यात संगणकाचा पंखा गुणगुणे. दिव्यानी माउस सरकवी. फोटो वर जात, खालून नवे येत.

तिचे स्वतःचेही त्यात मिसळलेले. रंगाच्या डब्यात लावलेली जास्वंद. उतू जाऊन शेगडीभर झालेला भात. मनगटावरचा कढईचा चटका, जो तिनं आदेशला ‘पहा, तुमच्या भज्यांसाठी’ म्हणून पाठवायला काढला होता. बैलाच्या शेजारी, पंगतीच्या शेजारी, परक्या घरात वाढलेल्या पोरांसारखे ते बसलेले.

ज्यांच्यासाठी ती बसे, ते फोटो मात्र नव्हते. रोवण्याच्या, भातलावणीच्या, दिवसांपासून नव्हते. आता धान कापून झालं होतं, थंडी पडली होती, आणि तिच्या आईचा एकही फोटो आला नव्हता.

फोन आणि संगणक एकाच खात्यात आहेत ना, याची खात्री करा.

खात्रीच खात्री. अडचणच ती होती, आणि सुखही तेच.

सावलीला बसस्टँडसमोर गफ्फारचाचांचं मोबाईलचं दुकान. आसपासच्या गावांत पहिले मोठ्या पडद्याचे फोन त्यांनीच विकले. फोन चालू करायचा तर खातं लागतं, खात्याला पासवर्ड लागतो, आणि गिऱ्हाईक पासवर्ड विसरून पुन्हा दुकानात येतं. चाचांनी यावर तोड काढली. दुकानाच्या नावाचं एकच खातं उघडलं आणि विकलेल्या प्रत्येक फोनमध्ये तेच घालून दिलं. पासवर्ड म्हणजे दुकानाचा नंबर. “बोर्डावरच लिहिला आहे,” चाचा म्हणत, “विसरून विसरणार कुठी?”

लोक खूश. फोनातली गॅलरी उघडली की आपलेच फोटो दिसत. आपले फोटो गुपचूप वर, इंटरनेटवरही, जातात, तिथं सगळ्या गावांचे एकत्र साठतात, आणि फोनात एक रंगीत भिंगरीसारखं चिन्ह आहे ते दाबलं की सगळेच्या सगळे दिसतात, हे कोणाच्या गावी नव्हतं. भिंगरी कोणी दाबत नव्हतं. काही बिघडलं म्हणजे?

दिव्यानीचा कॉलेजातला फोन तिथलाच. तिच्या आईचा, नीलाबाईचाही. लग्नानंतर आदेशनं बदली होऊन जाणाऱ्या एका मित्राकडून संगणक आणला, तिचं खातं त्यात घातलं, आणि पडदाभर माणसं सांडली. तिला वाटलं, व्हायरस आहे. आदेशला वाटलं, चोरीचा संगणक आहे. मग त्या गर्दीत तिला एक कुंपण दिसलं. बांबूच्या काटक्यांचं, एका जागी जुन्या साडीच्या दोरीनं बांधलेलं. साडी तिच्या ओळखीची होती. दोरी बांधताना तिनंच दुसरं टोक धरलं होतं.

नेमके कोणते फोटो दिसत नाहीत, ते नोंदवा.

आईचे.

नीलाबाईंचं गाव सावलीच्या पुढे, एका जुन्या तलावाच्या काठी. बाबा गेल्यावर घरात मायलेकी दोघीच होत्या. दिव्यानीनं आदेशशी चंद्रपूरला कोर्टात लग्न केलं. तो आपल्यातला नव्हता, एवढंच कारण. पण तेवढं पुरलं.

त्यांच्याकडे पाहुणा दारात आला की आधी ओसरीच्या कडेला पितळी गडवा, पाण्याचा तांब्या, भरून ठेवतात. पाहुणा पाय धुतो, मगच उंबरा. कोण आलं, कशाला आलं, हे सगळं त्या पाण्यानंतर. लग्नानंतर दिव्यानी आदेशला घेऊन पहिल्यांदा गेली तेव्हा आई ओसरीवर उभी होती. तिनं दोघांना पाहिलं. आत गेली. दिव्यानीला वाटलं, गडवा आणायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खराटा होता, आणि ती अंगण झाडायला लागली. झाडलेलं अंगण.

दोघं गल्लीतूनच परतली. चपला धुळीनं माखल्या होत्या. बसमध्ये दिव्यानी सगळा रस्ता त्यांच्याकडेच पाहत बसली.

त्यानंतर बोलणं नाही. फोन लावला तर बंद.

आणि मग ते कुंपण. मग शेळी. मग गोवऱ्यांची उतरंड. आई फोटो काढत होती, कशाला कोण जाणे, आणि फोटो दिव्यानीपर्यंत येत होते, आईला न कळता. निदान दिव्यानीला तसं वाटत होतं. भिंतीला कान लावून बसावं तसं ती पडद्याला डोळे लावून बसे. शेळी व्याली ते तिला कळलं. परसातल्या वाडीत वांगी झाली ते कळलं. रोवण्याला पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधलेल्या दिसल्या, हिरव्यागार, ओल्या.

आणि त्यानंतर

इंटरनेट चालू आहे का ते तपासा.

इथे पान अडकलं. भिंगरी फिरत राहिली.

फिरता फिरता दिव्यानीचा डोळा लागला. तिला दिसलं, आई धानाच्या बांधीत कमरेपर्यंत पाण्यात उभी आहे आणि पऱ्ह्यांच्या जागी फोटो रोवते आहे. एक एक फोटो चिखलात उभा करून अंगठ्यानं दाबते आहे. दिव्यानी शेताच्या धुऱ्यावरून ओरडत होती, “उलटे लावून राह्यली तू, तोंड खाली चाललं!” आई म्हणाली, “खालीच लागते मूळ.” आणि पाणी चढत गेलं, फोटो बुडत गेले, वर नुसतं आभाळ उरलं.

“काऊन व? त्यातच बसली का अजून?”

आदेश दारात उभा होता. केस विस्कटलेले, निळ्या उजेडात अर्धा.

“झोप झाली तुमची?”

“तू झोपेत कोणाले तरी रागवून राह्यली होती. त्यानं उठलो.” तो तिच्यामागे येऊन उभा राहिला. पडद्यावर कोणाचातरी कोंबडा होता. “हा आपला साळा वाटते मले आता. रोज पाहून पाहून.”

ती हसली नाही.

“दिव्यानी, एकदा जाऊन पाह्य ना. सावली काय लंडन आहे का?”

“जाऊ. अन् पाणी नाई ठेवलं त मंग?”

तो चहा ठेवायला गेला. तिथूनच म्हणाला, “त दुकानात जा. फोटो येऊन नाई राह्यले म्हणून जा. दुकानात जायले कोणाले पाणी लागते?”

वरील उपायांनी अडचण सुटली नाही, तर जाणकाराची मदत घ्या.

चंद्रपूरहून मूल गावावरून सावली. मध्ये जंगल. बस जंगलात शिरली की पानांनी भरलेली सागाची झाडं खिडकीला लागून मागे जात, जात, आणि दिव्यानीला वाटे, कोणीतरी बोटानं हे सगळं सरकवतं आहे, खाली कुठेतरी पोचायला.

दुकानात आफ्रीन होती. चाचांची मुलगी, दिव्यानीची शाळेतली बेंचसोबतीण. आता दुकान तीच सांभाळे; चाचा मागच्या खुर्चीत मफलर गुंडाळून डुलक्या काढत होते.

“या या, लाईटवाल्यायच्या घरच्या!” आफ्रीन काऊंटरमागून म्हणाली. “तुह्या नवऱ्याले विचारून सांग, इथली लाईट काऊन जाते म्हणून.”

“तो कोळसा पाह्यते. लाईट नाई.”

“हे बरं आहे. लगन झालं अन् लगेच नवऱ्याची बाजू. बस.”

दिव्यानी बसली. जे इतके दिवस आदेशशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, ते आता बोलावं लागणार होतं. तिनं दुकानात टांगलेल्या कव्हरांकडे पाहत सांगितलं. एकच खातं असल्याचं तिला कळलं आहे. ती आईचे फोटो चोरून पाहते. ते येणं बंद झालं आहे. यंत्र बंद करून चालू केलं, खातं काढून घातलं, सगळं केलं.

“तिले काही झालं का, आफ्रीन? खरं सांग.”

आफ्रीननं कपाळावर हात मारला.

“बाप्पा! तुले दिसूनच नाई राह्यले?”

“म्हणजे?”

“मले वाटलं, तू रोज पाहून राह्यली असशीन!” तिनं दुकानाचा संगणक फिरवून दिव्यानीकडे केला. “सर. खाली जा. वर काय शोधून राह्यली, खाली जा.”

“किती खाली?”

“थांबेपर्यंत.”

दिव्यानीनं सरकवलं.

धान कणसात परत गेलं. बैलांच्या शिंगांचा रंग उतरला. मांडवातून पंगत उठली, नवरी आईच्या घरी गेली, हातावरची मेंदी गडद होत जाऊन एकदम नाहीशी झाली. मूल रांगायला लागलं, मग पाळण्यात, मग कुठेच नाही. टिनाची छपरं पुन्हा कवेलूंची झाली. मधेच एकदा ती स्वतः, कॉलेजच्या गेटपाशी, जीभ काढून. मग फोटो विरळ होत गेले, अंधुक होत गेले, कोणाची तरी चप्पल, कोणाचा तरी अंगठा, जणू माणसं नुकतीच फोन हातात धरायला शिकत होती. मग काहीच नाही. पांढरं.

मग एक दिवस.

१ जानेवारी २०१०

त्या दिवशी रोवणा झाला आणि त्याच दिवशी धान कापलं.

त्याच दिवशी तलाव भरून सांडला आणि त्याच दिवशी ओसरून त्याच्या काठावर शेळ्या चरल्या. मंडईच्या जत्रेत पाळणा फिरला. धानामागची लाखोळीची डाळ उगवली. पिल्लू उभं राहिलं, पडलं, मोठं झालं, शेजारणीच्या कुंपणात डोकं अडकवून बसलं. सगळं एका तारखेखाली, एकापाठोपाठ, ऋतूंचं काही ठिकाण नाही. आणि एकही परका माणूस नाही. सगळे तिच्या आईचे.

“तुह्या मायचा फोन रोवण्यात चिखलात पडला,” आफ्रीन हळू आवाजात सांगत होती. “तिनं धानाच्या ढोल्यात खुपसून वाळवला, वाचला बी. पण बॅटरी गेली कामातून. आता ती फोटो काढते अन् बॅटरी काढून ठेवते. टॉर्चचे सेल काढून ठेवते ना माणूस, तसं. म्हणे, बसल्या बसल्या कायले जाळू. मंग बॅटरी घातली का फोनले वाटते, आपण आत्ताच जन्मलो. एक जानेवारी, दोन हजार दहा. फोटोवर तेच तारीख लागते. रेंज गावात नाई; तलावाच्या बांधावर, पाळीवर चढली का येते, तारीखही तिथं ठीक होते. पण फोटोवरचा ठप्पा तसाच राहते. अन् फोटो इथी येऊन पडते. तळाशी.”

दिव्यानी ऐकत होती आणि नव्हती. एका फोटोवर तिचा हात थांबला होता.

चुलीवर भाताचा गंज. त्याच्या तोंडावर आडवी ठेवलेली लाकडी पळी. बाकी काही नाही. एवढाच फोटो कोणी कशाला काढेल?

भात उतू जाऊ नये म्हणून पळी आडवी ठेवतात.

ती मागे गेली. तेलाच्या डब्यात लावलेली जास्वंद, बुडाशी डब्याला पाडलेली भोकं दिसतील अशी तिरकी धरलेली. तिच्या रंगाच्या डब्याला भोकं नव्हती. जास्वंद पिवळी पडत चालली होती.

आणि आईचा तळहात. फार जवळून काढलेला, हललेला, रेषा पुसट झालेला. तळहातावर कोरफडीचा तुकडा, सोललेला, पाण्यासारखा.

दिव्यानीनं मनगट पदराखाली घेतलं. चटका केव्हाच बरा झाला होता.

“ती पाह्यते,” दिव्यानी म्हणाली. “ती माये फोटो पाह्यते.”

“मीच दाखवली तिले भिंगरी,” आफ्रीन म्हणाली. “तू येशीन नाई, ती बोलन नाई, मंग मी काय करू? तुह्या भाताचा फोटो पाहून हे एवढी हसली इथी बसून. मंग फोन भिजला अन् तिचेच फोटो तिले भेटना. आली. मी तळाशी नेऊन दाखवले. म्हटलं, काकू, तारीख ठीक करून देतो, नवी बॅटरी टाकतो. त म्हणे, राहू दे. इथी गर्दी नाई. पोरीले लवकर सापडन.”

दिव्यानीच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

“अन् आता मी सगळ्यायचे खाते वेगळे करून राह्यली. रोज एक भांडण येते दुकानात, कोणाच्या सासूनं कोणाच्या सुनेचं काय पाह्यलं म्हणून. तुह्या मायले म्हटलं, तुमचंबी करतो. त उठूनच उभी झाली. मंग तिचे कसे येईन म्हणे.”

मागच्या खुर्चीतून चाचा डोळे न उघडता म्हणाले, “मी म्हणत होतो. एकच खातं बरं.”

“तुम्ही झोपा, अब्बा.”

तारीख आणि वेळ आपोआप ठरू द्या, हा पर्याय चालू आहे ना?

दिव्यानीनं तो बंद केला. आपल्या फोनवर.

“काय करून राह्यली?”

ती उत्तर न देता वर्षं मागे फिरवत होती. दोन हजार दहा. जानेवारी. एक. त्या वर्षी ती दोन वेण्या घालून, तेल चोपडून, आफ्रीनच्या शेजारी बेंचवर बसत होती.

“अव पागल, बँकेचं ॲप बंद पडन!”

“पडू दे.”

ती दुकानाच्या पायरीवर गेली. रस्त्यावर बस येत-जात होत्या, धूळ उडत होती, ऊन तिरपं झालं होतं. तिनं फोन खाली धरला आणि आपल्या पायांचा फोटो काढला. चपलांतून बाहेर आलेली बोटं, मातीनं माखलेली. मागे पायरीला टेकवून ठेवलेल्या दुकानाच्या बोर्डावरचा नंबर पुसट दिसत होता. सावलीतलं कोणीही ओळखेल असा.

मग तारीख परत आजची केली. फोटो वर गेला, आणि वर जाऊन खाली गेला, त्या सगळ्या लग्नांच्या, बैलांच्या, मीटरांच्या खालून, आणि पळीच्या शेजारी जाऊन बसला.

“ऊन उतरताना ती शेळ्या घेऊन पाळीवर येते,” आफ्रीन म्हणाली. “आधी वरचे पाह्यते, तुहे. मंग बोटानं सर सर तळापर्यंत, आपले पोचले का म्हणून.”

चहा आला. दिव्यानीनं हातात धरून ठेवला.

ती पडद्याकडे पाहत होती, पण चालत होती आईसोबत. आई पाळीवर चढली. शेळ्या पांगल्या. आईनं फोनचं झाकण काढलं, बॅटरी बसवली, नखानं दाबली. भिंगरी. बोट खाली, खाली. आता तिला पाय दिसले असतील. आता ती बसली असेल, मोहाच्या बुंध्याला टेकून. किंवा उठली असेल. फोन बंद करून कमरेला खोचला असेल, शेळ्यांना हाकारलं असेल, आणि घरी जाऊन खराटा

नाही. पुढचं दिव्यानीनं पाहिलं नाही.

गिऱ्हाइकं आली, गेली. एका बाईंनी लाल कव्हर मागितलं, मग लाल नको म्हणाल्या. १ जानेवारी २०१० ला काहीच होत नव्हतं. तिथं तलाव भरलेला आणि ओसरलेला, दोन्ही तसाच होता, आणि त्यांच्यामध्ये तिचे दोन धुळकट पाय उभे होते, कोणाच्या दारात आहेत ते न कळणारे.

ऊन काऊंटरवरून उतरून जमिनीवर गेलं.

“उत्तर नाई येणार,” दिव्यानी म्हणाली. तिनं पर्स खांद्याला लावली. “मूलची बस आहे ना आता एक?”

आफ्रीन दुसऱ्या गिऱ्हाइकाचं खातं वेगळं करायला म्हणून पडदा वर सरकवत होती, भराभर, तळापासून वर, वर्षांमागून वर्षं. अगदी वर पोचून तिचा हात थांबला.

“दिव्यू.”

“काय?”

“तिनं बॅटरी नाई काढली.”

फोटो सगळ्यांत वर होता. आजच्या तारखेला, कोणाच्या तरी बैलाच्या आणि कोणाच्या तरी वीजबिलाच्या आधी. पाळीवर रेंज घेऊन दुरुस्त झालेलं घड्याळ चालू ठेवून, फोन तसाच जळत ठेवून, आई घरापर्यंत गेली होती आणि हा फोटो वर पाठवायला पुन्हा पाळीवर आली होती.

ओसरीची कड. तिच्यावर पितळी गडवा. काठोकाठ भरलेला, इतका, की पाण्यात छपराची वळचण दिसत होती, आणि वाकून फोटो काढणाऱ्या बाईचा थोडा पदर.

अडचण सुटली का? हो / नाही

पान उघडंच राहिलं. दिव्यानी रस्त्याच्या पलीकडे पोचली होती, तलावाकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपला हात करत, एका हातात चपला घेऊन. चपला का काढल्या, हे ड्रायव्हरनं विचारलं. “घरी पाय धुवाचे आहे,” ती म्हणाली.